अलेक्झांड्रिया : जे उभं नाही ते पाहायचं कसं?

आजच्या भागात आपण भूमध्य समुद्राच्या काठावरच्या एका जुन्या बंदरात जाणार आहोत. इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. अरबीत याला म्हणतात इस्कंदरिया. आपण ज्याला सिकंदर म्हणतो, त्याच्याच नावाचं हे शहर. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये त्याने ते वसवलं.

इजिप्तला जाणारे भारतीय पर्यटक साधारण काय करतात? कैरोजवळचे पिरॅमिड, मग लक्झर ते आस्वान नाईलमधली सफर, आणि एखादा दिवस उरलाच तर अलेक्झांड्रिया. सकाळी कैरोहून गाडी निघते, दोन-तीन ठिकाणी उतरवते, मासळीचं जेवण होतं आणि रात्री परत. आल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. तिथे काही विशेष नाही. दीपगृह पडलं, ग्रंथालय जळालं, क्लिओपात्राचा राजवाडा पाण्याखाली गेला.

यातलं दीपगृहाचं आणि राजवाड्याचं खरं आहे. ग्रंथालयाचं मात्र तपासून पाहायला हवं, ते आपण पुढे पाहू. पण या शहरात फक्त काय उभं आहे एवढंच पाहत गेलात तर तुम्ही निराश होणार, हे नक्की. इथे प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारायचा. हे इथे कुठून आलं, आणि इथलं जे होतं ते कुठे गेलं? हा प्रश्न हाताशी असेल तर दोन दिवसही कमी पडतात.

बेट जमिनीला कसं जोडलं गेलं

सुरुवात समुद्रावरून करू. शहराच्या पूर्व बंदराभोवती कमानीसारखा वळलेला लांबलचक रस्ता आहे, त्याला कॉर्निश म्हणतात. मुंबईची मरीन ड्राइव्ह ज्यांनी पाहिली आहे त्यांना ओळखीचाच वाटेल. या कमानीच्या पश्चिम टोकाला कैतबे किल्ला आहे आणि पूर्वेच्या बाजूला नवं ग्रंथालय.

किल्ल्याकडे जाताना आपण सपाट, दाट वस्तीतून जातो. मशिदी, मासळीबाजार, होड्या बांधायचे कारखाने. सिकंदराच्या काळात इथे जमीन नव्हती, पाणी होतं. समोर फॅरोस नावाचं बेट होतं. ते किनाऱ्याला जोडण्यासाठी ग्रीकांनी सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा बांध घातला. बांधामुळे दोन बंदरं तयार झाली, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मग शतकानुशतकं त्या बांधाच्या दोन्ही अंगांना गाळ साचत गेला, बांध रुंद होत गेला, आणि त्याच्यावर वस्ती चढली. म्हणजे अलेक्झांड्रियाचं एक सगळ्यात जुनं बांधकाम तुमच्या पायाखाली आहे आणि आजही रोज वापरात आहे. फलक शोधू नका, पण चालताना लक्षात ठेवा.

दीपगृहाचे दगड

त्या बेटाच्या टोकाला जगातल्या सात आश्चर्यांमधलं दीपगृह होतं. इसवी सनापूर्वी २८०च्या सुमारास ते पूर्ण झालं. उंची शंभर मीटरहून जास्त होती असं मानतात. बेटाचं नाव फॅरोस, आणि त्यावरूनच फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या भाषांमध्ये दीपगृहाला शब्द मिळाला. शहराने जगाला दिलेली ही वस्तू अजून शाबूत आहे.

हे दीपगृह एका रात्रीत पडलेलं नाही. दहाव्या शतकापासून भूकंपांनी ते खिळखिळं होत गेलं. सगळ्यात मोठा तडाखा १३०३चा. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३२६ मध्ये आला तेव्हा एक बाजू ढासळली होती, तरी आत जाता येत होतं. १३४९ मध्ये तो पुन्हा आला, तर दारापर्यंत पोचणंही अशक्य झालं होतं. तेवीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दिलेल्या या दोन साक्षी आहेत.

मग दगड कुठे गेले? काही इथेच आहेत. मामलुक सुलतान कैतबे याने १४७७च्या सुमारास दीपगृहाच्याच जागेवर किल्ला बांधला आणि पडलेले दगड त्यात वापरले. आणि बाकीचे पाण्यात. १९९४-९५ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाँ-इव्ह आंपरर यांच्या पथकाने किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रतळावर शेकडो ग्रॅनाइटचे तुकडे, स्तंभ आणि पुतळे नोंदवले. २०२५ मध्ये दीपगृहाच्या दाराचे उंबरठे आणि चौकटी यांसारखे २२ अजस्र दगड बाहेर काढले गेले, संगणकावर दीपगृह पुन्हा जुळवून पाहण्यासाठी.

शहराबाहेर गेलेल्या वस्तूही आहेत. क्लिओपात्राची सुई म्हणून ओळखले जाणारे दोन ग्रॅनाइटचे स्तंभ. त्यांचा क्लिओपात्राशी संबंध नाही. ते फेरोंच्या काळातले, हेलिओपोलिस इथले. रोमनांनी ते अलेक्झांड्रियाला आणून समुद्राकाठी उभे केले. एकोणिसाव्या शतकात एक लंडनला गेला, १८७८ मध्ये थेम्सकाठी उभा राहिला. दुसरा १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. नेण्यासारखं होतं ते आधी अलेक्झांड्रियाने दुसरीकडून आणलं, नंतर अलेक्झांड्रियातून दुसऱ्यांनी नेलं.

ग्रंथालय खरंच जळालं का?

आता सगळ्यात मोठा प्रश्न. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय कोणी जाळलं? याची तीन उत्तरं लोकांना पाठ असतात. ज्युलियस सीझरने, ख्रिस्ती जमावाने, किंवा अरब सेनापतीने. कोण सांगतंय त्यावर गुन्हेगार बदलतो!

क्रमाने पाहू. टॉलेमी राजांनी विद्वानांची एक संस्था उभारली. पगार, जेवण, राहण्याची सोय, आणि सोबत पुस्तकांचा साठा. बंदरात येणाऱ्या जहाजांवरची पुस्तकं जप्त करून त्यांची नक्कल करायची, मूळ प्रत ग्रंथालयात ठेवायची आणि नक्कल मालकाला द्यायची, असा प्रकार तिथे चाले, असं वैद्य गॅलेन लिहून ठेवतो. याच ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एराटोस्थेनिसने सूर्याच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला.

पहिला घाव घरातलाच होता. इसवी सनापूर्वी १४५च्या सुमारास आठव्या टॉलेमीने राजकीय भांडणातून विद्वानांना शहरातून हाकललं. इसवी सनापूर्वी ४८ मध्ये सीझरने बंदरातली जहाजं पेटवली, ती आग पसरून पुस्तकं जळाली असं जुने लेखक सांगतात. पण त्यानंतरही शहरात विद्वान काम करत होते. तिसऱ्या शतकात रोमन सम्राट ऑरेलियनच्या लढाईत राजवाड्याचा भागच उद्ध्वस्त झाला. ३९१च्या सुमारास सेरापिस देवाचं मंदिर पाडलं गेलं; तिथे ग्रंथालयाची शाखा होती, पण तोवर त्यात पुस्तकं किती उरली होती याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. खलिफाच्या हुकमावरून पुस्तकं जाळल्याची गोष्ट घटनेनंतर जवळपास सहाशे वर्षांनी लिहिलेली सापडते. बहुतेक इतिहासकार ती खरी मानत नाहीत.

आणि आग लागली नसती तरी? पपायरसची गुंडाळी दमट हवेत टिकत नाही. इजिप्तमध्ये सापडलेले हजारो पपायरस आतल्या कोरड्या वाळूतले आहेत. समुद्राकाठच्या ओलाव्यात पुस्तक जिवंत ठेवायचं तर त्याची पुन्हा पुन्हा नक्कल करावी लागते. नक्कल करायला लेखनिक लागतात, लेखनिकांना पगार लागतो. तो थांबला की आग लावायला कोणी यावं लागत नाही. ज्यांच्या घरी आजोबांच्या वह्या किंवा पोथ्या माळ्यावर आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

याचा पुरावा पाहायचा तर मुख्य रेल्वे स्टेशनजवळच्या कोम अल-दिक्का इथे जा. पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६० पासून खणलेली ही जागा. पर्यटक तिथलं रोमन रंगमंदिर पाहून, संगमरवरी पायऱ्यांवर फोटो काढून निघतात. तुम्ही त्याच्या बाजूच्या खोल्या पाहा. तीन भिंतींना लागून दगडी बाकं आणि मध्ये शिक्षकाचं उंच आसन. अशा वीसेक खोल्या सापडल्या आहेत. हे व्याख्यानाचे वर्ग आहेत, पाचव्या ते सातव्या शतकातले. ग्रंथालय संपलं असं आपण समजतो, त्याच्यानंतर दोनशे-अडीचशे वर्षं इथे मुलं बाकांवर बसून शिकत होती.

सेरापिसच्या मंदिराच्या जागी आज एकच खांब उभा आहे, सुमारे २७ मीटर उंच. लोक त्याला पॉम्पेचा स्तंभ म्हणतात. पॉम्पेचा आणि त्याचा संबंध नाही. तो त्याच्या मृत्यूनंतर साडेतीनशे वर्षांनी डायोक्लेशन बादशहाच्या सन्मानार्थ उभारला. नाव चुकीचं असलं तरी चिकटून राहिलं.

मिरी, पैठण आणि तुरमाय

आता आपला या बंदराशी काय संबंध? गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक आपल्या काळातल्या परदेशी राजांची नावं देतो. त्यातला तुरमाय म्हणजे दुसरा टॉलेमी. दीपगृह ज्याच्या कारकिर्दीत पूर्ण झालं तोच.

पुढे रोमन काळात भारताचा माल मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रातल्या बंदरांना लागायचा, तिथून उंटांवरून नाईलपर्यंत आणि नदीतून अलेक्झांड्रियाला. पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेल्या एका खलाशी मार्गदर्शिकेत भडोच, सोपारा, कल्याण ही नावं आहेत. पैठण आणि तगर म्हणजे आजचं तेर इथून माल गाड्यांनी भडोचला येतो, अशीही नोंद आहे. केरळातल्या मुझिरिसहून मिरी निघायची. दुसऱ्या शतकातला एक करारनामा पपायरसवर सापडला आहे. त्यात मुझिरिसचा माल अलेक्झांड्रियाच्या जकात कोठारापर्यंत नेण्याच्या अटी आहेत. भारतीय मालावरची जकात होती चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस टक्के.

माणसंही जात होती. पहिल्या-दुसऱ्या शतकातला वक्ता डिओ अलेक्झांड्रियाच्या लोकांसमोर बोलताना म्हणतो की तुमच्यात मला भारतीयही दिसतात. आणि तिकडची एक खूण इकडे आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. ती तिथल्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे.

दोन दिवसांचा बेत

कैरोहून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने अडीच-तीन तास. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल बरा. ऐन हिवाळ्यात वादळी पाऊस येतो, आणि उन्हाळ्यात निम्मं कैरो समुद्रावर आलेलं असतं.

पहिला दिवस जमिनीवरचा आणि जमिनीखालचा. सकाळी कोम अल-दिक्का, मग ग्रीक-रोमन वस्तुसंग्रहालय. हे १८९२ मध्ये सुरू झालं, बरीच वर्षं बंद राहून २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. दुपारी पॉम्पेचा स्तंभ, आणि तिथून जवळच कोम अल-शुकाफाची भुयारी दफनस्थानं. गोल जिन्याने खाली उतरायचं. आत इजिप्तचा कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस रोमन शिपायाच्या वेशात कोरलेला आहे. घरची माणसं मृतांच्या आठवणीत जेवायला बसत ती खोलीही आहे. गुडघे दुखत असतील तर जिन्याचा विचार आधी करा.

दुसरा दिवस समुद्राचा. सकाळी कैतबे किल्ला, मग कॉर्निशवरून पूर्वेला नव्या ग्रंथालयापर्यंत. २००२ मध्ये उघडलेली ही इमारत समुद्राकडे कललेल्या तबकडीसारखी आहे. बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातल्या सुमारे १२० लिप्यांमधली अक्षरं कोरली आहेत. आतलं वाचनालय पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातं, आणि तिथे खरोखरच मुलं अभ्यास करत बसलेली असतात. आवाज जपा. ग्रंथालयं सहसा कोणत्या वारी बंद असतात आणि वेळा काय, हे जाण्याआधी बघून घ्या.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. वालासारख्या दाण्यांची मऊ उसळ म्हणजे फूल, त्याच दाण्यांचे वडे म्हणजे तामिया, आणि भात, मसूर, मॅकरोनी, चणे, वर तळलेला कांदा अशी कोशरी. पोट स्वस्तात भरतं.

तिसरा दिवस असेल तर पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर अल अलामीन. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या स्मारकावर, ज्यांचे देह धर्मानुसार अग्नीला दिले गेले अशा सहाशेहून अधिक भारतीय सैनिकांची नोंद आहे.

आता पाण्याची पाळी

कॉर्निशवर चालताना काठाला रचलेले काँक्रीटचे मोठे ठोकळे दिसतील. ते शोभेसाठी नाहीत. समुद्राची पातळी वाढते आहे, नाईलच्या मुखाकडची जमीन हळूहळू खचते आहे. भूजल वर आल्यामुळे कोम अल-शुकाफाचा तळमजला वर्षानुवर्षं पाण्यात होता. पाणी उपसून पातळी खाली आणण्याचं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं. पंप चालू आहेत तोवर तळ कोरडा. लेखनिकांच्या पगारासारखंच हेही रोजचं काम आहे, आणि ते बंद पडलं तर बातमीही होणार नाही.

उलट उदाहरणही याच शहरातलं आहे. जानेवारी २०११ मध्ये क्रांतीच्या गोंधळात पोलीस रस्त्यावरून नाहीसे झाले, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या तरुण मुलामुलींनी हातात हात घालून नव्या ग्रंथालयाभोवती साखळी केली. इमारत सुरक्षित राहिली.

तेव्हा इजिप्तचं तिकीट काढाल त्या वेळी अलेक्झांड्रियाला उरलेला दिवस देऊ नका, ठरवून दोन दिवस द्या. आणि दुर्लक्षित जागांची तिकिटं आवर्जून काढा. पंप आणि पहारेकरी चालू राहायचे तर तिथे कोणीतरी येतं आहे, हे दिसायला हवं.

पुढच्या भागात दुसऱ्या बंदरात भेटू.