विकासाच्या हिशेबात बालमृत्यूही हवेत

गावाची प्रगती सभामंडप आणि सिमेंटच्या रस्त्यांवरून ठरवायची सवय मोडायला हवी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ च्या सुमारास गडचिरोलीतल्या गावांत बालमृत्यू मोजले, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ अर्भकं दगावत होती. पुढे गावातल्याच आरोग्यदूत महिला घरोघरी बाळाचं वजन करू लागल्या, न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजू लागल्या. २००३ पर्यंत हा दर ३० वर आला.

आकडे दडपले जातात, हा आक्षेप खराच. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या बालमृत्यूंवरच्या अहवालाने तेच दाखवलं. पण त्यावर उपाय मोजणं सोडून देणं नव्हे, तर नोंदी गावासमोर तपासणं. म्हणून ग्रामसभेत खर्चाबरोबर जन्म-मृत्यूंचाही हिशेब मागा.