कपाशीचं आजोळ

भडगाव तालुक्यात गिरणेकाठच्या काळ्या जमिनीत आज उभी असलेली कपाशी जवळजवळ सगळी अमेरिकन वंशाची, संकरित आणि बीटी. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता देशी कपाशी शेतातून उठली. एके काळी खानदेशाचं नाव जरीला, विरनार या देशी वाणांवर चालायचं. धागा आखूड, पण तुडतुड्यांना आणि पाण्याच्या ताणाला ही झाडं सहसा दाद देत नसत. शेतकऱ्याच्या बोलण्यात देशी आणि अमेरिकन ही दोन टोकं आहेत. वनस्पतिशास्त्रही वरवर तेच सांगतं: देशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये ५२, आणि दोघींचा संकर सहजी होत नाही.

पानातला हरितलवक मात्र वेगळी साक्ष देतो. हरितलवक मुळात स्वतंत्र जगणारा नीलहरित जीवाणू. वनस्पतींच्या पूर्वज पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. म्हणून त्याचा स्वतःचा छोटा जीनोम आहे. तंबाखूचा असा जीनोम १९८६ मध्ये जपानमध्ये पूर्ण वाचला गेला. अमेरिकन कपाशीचा २००६ मध्ये वाचला: १,६०,३०१ अक्षरं. तिच्या केंद्रकातला जीनोम दोन अब्जांहून मोठा आहे, त्यापुढे हे काहीच नाही. पण एका पेशीत याच्या हजारो प्रती असतात, त्यामुळे हर्बेरियममधल्या वाळक्या पानातूनही तो हाती लागू शकतो. शिवाय तो फार सावकाश बदलतो. लांब धाग्याच्या इजिप्शियन कपाशीचा हरितलवक त्याच वर्षी वाचला, तो भरला १,६०,३१७ अक्षरांचा. दोन वेगळ्या प्रजाती, आणि लांबीत फरक सोळा अक्षरांचा!

कपाशीत हरितलवक फक्त आईकडून येतो. जोनाथन वेंडेल यांनी १९८९ मध्ये याच धाग्याने अमेरिकन कपाशीचं कूळ शोधलं. दोन कपाशींचा (आजच्या अंदाजाने दहा-पंधरा लाख वर्षांपूर्वी) संकर होऊन ही ५२ गुणसूत्रांची कपाशी जन्मली, हे आधीपासून ठाऊक होतं. बाप पेरूमधल्या एका रानकपाशीचा जवळचा नातलग. वेंडेलना दिसलं की आई जुन्या जगातली, म्हणजे आपल्या देशी कपाशीच्या गोतातली होती. ती समुद्र ओलांडून तिकडे कशी पोचली, याबद्दल तर्कच चालतात; बी प्रवाहाबरोबर वाहत गेलं असावं, हा त्यांतला पटण्याजोगा. पुढे २०१२ मध्ये बारा प्रकारच्या कपाशींचे संपूर्ण हरितलवक-जीनोम शेजारी ठेवून पाहिले, तेव्हाही हेच नातं दिसलं.

इथे घाई मात्र नको. ‘देशी कपाशी अमेरिकनची आई’ असं म्हणणं सोयीचं, पण चूक. २०२० मध्ये वुहान विद्यापीठातल्या संशोधकांनी केंद्रकांचे जीनोम ताडून पाहिले. त्यांच्या मते खरी आई आता अस्तित्वात नाही, आणि आज शेतात दिसणाऱ्या दोन्ही देशी प्रजाती एकमेकींपासून त्यानंतर वेगळ्या झाल्या. म्हणजे नातं मावशीचं म्हणावं लागेल.

हरितलवकाचा पुरावा एकतर्फी आहे, हेही ओघाने आलंच. १९७२ मध्ये धारवाडला कातरकींनी तयार केलेली ‘वरलक्ष्मी’ ही संकरित कपाशी घ्या. आई ‘लक्ष्मी’ ही अमेरिकन, बाप इजिप्शियन. तिचा नुसता हरितलवक वाचणाऱ्याला बापाचा पत्ताच लागणार नाही. जळगावच्या केळीत तर आणखी गंमत आहे: हरितलवक आईचा आणि मायटोकॉन्ड्रिया बापाचा, हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं. तिथे निदान दोन्ही बाजू तपासता येतात.

हरितलवकाच्या नुसत्या तुलनांचे लेख आता ढिगाने निघतात. लांबी मोजायची, जनुकं मोजायची, एक वंशवृक्ष काढायचा आणि मोकळं व्हायचं. केंद्रक न पाहता काढलेल्या असल्या वंशवृक्षांवर माझा फारसा विश्वास नाही.

भडगावच्या शेतकऱ्याचा रोकडा प्रश्न वेगळाच असतो: पाकिटातलं बियाणं बोगस तर नाही ना? त्याचं उत्तर हरितलवकात नाही. बीटीचं जनुक बसवलंय केंद्रकात, तणनाशक सोसणाऱ्या बेकायदा बियाण्यातलंही तिथेच. आणि बाजारातल्या अमेरिकन संकरांच्या आया इतक्या जवळच्या, की त्यांच्या हरितलवकांवरून एक वाण दुसऱ्यापासून ओळखणं कठीण. त्यासाठी केंद्रकातल्या खुणाच तपासाव्या लागतात.