व्हिडिओ गेम कन्सोलचा घरगुती वीजखर्च (हिंगोली जिल्हा)

व्हिडिओ गेम कन्सोलचा घरगुती वीजखर्च म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळल्या जाणाऱ्या खेळयंत्राने वापरलेल्या विजेपोटी वीजदेयकात पडणारी भर होय. ही भर यंत्राची शक्ती, खेळण्याचे तास, यंत्र निष्क्रिय असतानाचा वापर आणि विजेचा दर या चार बाबींवर ठरते. महाराष्ट्रातील घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने एकाच यंत्रावर तेवढेच तास खेळूनही दोन घरांना वेगवेगळा खर्च येऊ शकतो. या लेखात हिंगोली जिल्ह्यातील घरगुती ग्राहकाच्या संदर्भात हा हिशोब मांडला आहे.

पार्श्वभूमी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके आहेत. जिल्ह्यात वीजवितरण महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी, अर्थात महावितरण, करते. राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ साली ही कंपनी अस्तित्वात आली. हिंगोली मंडळ तिच्या नांदेड परिमंडळात मोडते. विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि महावितरणच्या सर्व जिल्ह्यांतील घरगुती ग्राहकांना तेच दर लागू होतात.

शक्ती आणि युनिट

यंत्र एका क्षणी किती वीज घेते ते वॅटमध्ये मोजतात. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालल्यास एक किलोवॅट-तास, म्हणजेच एक युनिट वीज खर्च होते. वॅट, रोजचे तास आणि महिन्याचे दिवस यांचा गुणाकार करून त्याला १,००० ने भागले की महिन्याचे युनिट मिळतात.

यंत्राच्या मागील पट्टीवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, प्रत्यक्ष वापराचा नव्हे. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ३५० वॅट असे छापलेले असले, तरी खेळ सुरू असताना ते साधारण २०० वॅट घेते. छापील आकडा धरून केलेला हिशोब त्यामुळे फुगतो.

रोज दोन तास आणि महिन्याचे ३० दिवस धरल्यास निरनिराळ्या यंत्रांचा मासिक वापर स्थूलमानाने असा होतो :

- प्लेस्टेशन ५ (सुमारे २०० वॅट) : १२ युनिट
- प्लेस्टेशन ४ स्लिम (सुमारे ९० वॅट) : ५.४ युनिट
- एक्सबॉक्स सिरीज एस (सुमारे ७५ वॅट) : ४.५ युनिट
- निन्टेन्डो स्विच, दूरचित्रवाणीला जोडून (सुमारे १२ वॅट) : ०.७ युनिट

यात दूरचित्रवाणी संचाचा वापर मिळवावा लागतो. ५० वॅटचा एलईडी संच तेवढ्याच वेळात ३ युनिट घेतो. तुलनेसाठी, ५,००० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेचा मोबाइल रोज एकदा पूर्ण भारित केल्यास महिन्याला एक युनिटही लागत नाही.

दराचे टप्पे

आयोगाच्या ३१ मार्च २०२३ च्या आदेशानुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात घरगुती ग्राहकांसाठी प्रतियुनिट वीज आकार पुढीलप्रमाणे होता : पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ रुपये, ३०१ ते ५०० युनिटांना १४.५५ रुपये आणि त्यापुढे १६.६४ रुपये. त्यावर प्रत्येक युनिटामागे १.१७ रुपये वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लागत असे. ही बेरीज केल्यावर एका युनिटाची किंमत अनुक्रमे सुमारे ६.८२, १३.२९, १८.२४ आणि २०.६६ रुपये होते. इंधन समायोजन आकार महिन्यानुसार बदलतो, तर स्थिर आकारावर खेळण्याच्या तासांचा परिणाम होत नाही. त्यामुळे ते दोन्ही येथे धरलेले नाहीत. दर वेळोवेळी बदलतात, परंतु हिशोबाची पद्धत तीच राहते.

वापर १०० युनिटांपलीकडे गेल्यास संपूर्ण देयक वरच्या दराने आकारले जाते, हा समज चुकीचा आहे. पहिले १०० युनिट पहिल्याच दराने मोजले जातात. वरचा दर फक्त त्यापुढील युनिटांना लागतो.

नव्याने आलेले उपकरण मात्र घराच्या आधीच्या वापरावर भर घालत असल्याने त्याचे युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात. प्लेस्टेशन ५ आणि दूरचित्रवाणी मिळून होणाऱ्या १५ युनिटांचा खर्च म्हणून पुढीलप्रमाणे बदलतो :

- घराचा अन्य वापर ६० युनिट असल्यास : सुमारे १०२ रुपये
- अन्य वापर ९२ युनिट असल्यास : ८ युनिट पहिल्या व ७ युनिट दुसऱ्या टप्प्यात पडून सुमारे १४८ रुपये
- अन्य वापर १५० युनिट असल्यास : सुमारे १९९ रुपये
- अन्य वापर २९० युनिट असल्यास : १० युनिट दुसऱ्या व ५ युनिट तिसऱ्या टप्प्यात पडून सुमारे २२४ रुपये

उन्हाळ्यात मराठवाड्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि कूलर व पंखे दीर्घकाळ चालतात. घराचा वापर त्यामुळे वरच्या टप्प्यात पोहोचतो. शाळांना सुट्टी असल्याने खेळण्याचे तासही याच काळात वाढतात. शिवाय यंत्राने घेतलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते, म्हणजे २०० वॅटचे यंत्र खोलीत २०० वॅटच्या तापकासारखे काम करते.

दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांची सवलतीची वर्गवारी वार्षिक ३६० युनिटांच्या, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिटांच्या मर्यादेशी जोडलेली आहे. अशा घरात १५ युनिटांची भर म्हणजे मर्यादेचा निम्मा भाग होय. तेथे प्रश्न केवळ वाढीव रकमेचा नसून सवलत टिकण्याचा असतो.

निष्क्रिय अवस्थेतील वापर

खेळ थांबवून यंत्र चालूच ठेवल्यास विजेचा वापर फारसा कमी होत नाही. विश्राम अवस्थेतील वापर मांडणीनुसार बदलतो. १.५ वॅट घेणारे यंत्र रोजचे २२ तास त्या अवस्थेत राहिल्यास महिन्याला सुमारे एक युनिट लागते. एक्सबॉक्सच्या तत्काळ सुरू होणाऱ्या अवस्थेत सुमारे १० वॅट लागतात आणि महिन्याचा वापर ६.६ युनिट होतो. सिरीज एस यंत्राच्या बाबतीत हा आकडा दोन तास खेळण्याच्या ४.५ युनिटांपेक्षाही अधिक आहे. ऊर्जाबचत अवस्था निवडल्यास तो अर्ध्या युनिटाच्या खाली येतो.

या प्रश्नाकडे अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने २००८ च्या अहवालात लक्ष वेधले. त्या देशातील कन्सोल वर्षाला सुमारे १,६०० कोटी युनिट वीज वापरतात आणि ही वीज सॅन डिएगो शहराच्या वार्षिक वापराइतकी आहे, असा तिचा अंदाज होता. वापर न होताही चालू राहणारी यंत्रे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे उत्पादकांनी स्वयंचलित बंद होण्याची सोय दिली.

भारनियमन आणि इन्व्हर्टर

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळल्यास खर्च वाढतो, कारण शिसे-आम्ल बॅटरी भरताना आणि तिची वीज पुन्हा वापरताना ऊर्जेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वाया जातो. वीजपुरवठा अचानक खंडित झाल्यास जतन न झालेला खेळ नष्ट होतो आणि साठवणीतील माहिती बिघडण्याचा धोका असतो. त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या भागात यंत्र विश्राम अवस्थेत न ठेवता पूर्ण बंद करणे अधिक सुरक्षित ठरते.

मापन आणि बचत

घरातील मीटरवर एका युनिटासाठी दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. मीटरवर ३,२०० असे लिहिले असल्यास आणि घरातील इतर सर्व उपकरणे बंद असल्यास, २०० वॅटच्या यंत्रामुळे दिवा मिनिटाला १० ते ११ वेळा लुकलुकतो. या पद्धतीने कोणत्याही उपकरणाचा प्रत्यक्ष वापर अतिरिक्त साधनाशिवाय पडताळता येतो.

वापर कमी करण्याचे मुख्य उपाय असे :

- खेळ संपल्यावर यंत्र पूर्ण बंद करून भिंतीवरील बटणही बंद करणे
- चित्रपट किंवा चित्रफिती कन्सोलऐवजी दूरचित्रवाणी संचावरच थेट पाहणे
- यंत्राच्या हवेच्या जाळ्यांवरील धूळ काढणे, जेणेकरून आतील पंख्यावर ताण येत नाही

घराच्या एकूण वापरात कन्सोलचा वाटा अनेकदा पंख्यापेक्षाही कमी असतो. ७५ वॅटचा जुना छतपंखा रोज १० तास चालल्यास महिन्याला २२.५ युनिट घेतो. त्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावल्यास १३.५ युनिट वाचतात. ही बचत प्लेस्टेशन ५ वर रोज दोन तास खेळण्यास लागणाऱ्या १२ युनिटांपेक्षा अधिक आहे.