धांवणाऱ्या मुलामुलींचें ताट

जळगांव आणि धुळें या शहरांच्या मैदानांवर व गांवाबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर पहांटेच्या अंधारांत तरुण मुलामुलींचे जथे धांवतांना दिसतात. कोणी विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी करीत असतो, कोणी अर्धमॅरेथॉनची. आणि पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पोलीसभरती असते. भरतीच्या शारीरिक चाचणींत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें. राज्य राखीव पोलीस दलासाठीं तर ५ किलोमीटर. या दलाचा एक गट धुळ्यासच आहे. तेव्हां कांहीं सेकंदांच्या फरकावर एखाद्या कुटुंबाची मीठभाकर अवलंबून असते, असें म्हटल्यास ती अतिशयोक्ति होणार नाहीं.

अशा मुलास खाण्यांत महत्त्वाचें काय, असें विचारलें तर बहुधा एकच शब्द ऐकूं येतो : प्रोटीन. तो शब्द त्याला व्यायामशाळेंत, दुकानांतल्या डब्यावर आणि मोबाइलवर सारखा भेटत असतो. उत्तर खोटें नाहीं. पण तें अर्धें आहे, आणि उरलेलें अर्धें न कळल्यामुळेंच नुकसान होतें. पहांटे कपभर चहा घेऊन तासभर धांवावयाचें, परतल्यावर पोहे किंवा कचोरी, दुपारीं जमेल तें, आणि खरें जेवण रात्रीं नऊला, असा क्रम घरोघर आढळण्यासारखा आहे. माहिती वाढली कीं वागणें आपोआप सुधारतें, असाही भरंवसा धरतां येत नाहीं. खेळाडूंच्या आहारज्ञानाविषयींचे निरनिराळे अभ्यास ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०११ सालीं एकत्र तपासले, तेव्हां ज्ञान आणि प्रत्यक्ष आहार यांचा संबंध दुबळाच आढळला. मुलाला काय ठाऊक आहे यापेक्षां घरांत चूल केव्हां पेटते, यालाच अनेकदां अधिक महत्त्व येतें.

वेगानें धांवतांना स्नायू मुख्यतः पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून मिळणारी साखर जाळतात. ही साखर ग्लायकोजेनच्या रूपानें स्नायूंत आणि यकृतांत सांठविलेली असते. सारा सांठा जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास. नेटानें धांवणाऱ्याला तो दीड-दोन तास पुरतो. १९२४ सालीं बॉस्टनच्या मॅरेथॉननंतर तेथील डॉक्टरांनीं कांहीं धांवपटूंचें रक्त तपासलें. ज्यांच्या रक्तांतील साखर फार उतरली होती, तेच निस्तेज व गलितगात्र झाले होते. पुढच्या वर्षीं आदल्या दिवशीं भरपूर पिष्टमय अन्न आणि वाटेंत साध्या साखरेच्या गोळ्या देण्यांत आल्या, तेव्हां ती अवस्था टळली. १९३९ मध्यें कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनीं माणसांना स्थिर सायकलवर बसवून हेंच पडताळलें : पिष्टमय आहार घेतलेला मनुष्य स्निग्ध आहार घेतलेल्यापेक्षां दुपटीहून अधिक वेळ टिकला.

आतां खानदेशच्या स्वयंपाकघराकडे वळावें. ५० किलो वजनाच्या, रोज तासभर कसून धांवणाऱ्या मुलाला दिवसाला सुमारें ३०० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें पुरेशीं होतात. चार मध्यम भाकरींचें ३०० ग्रॅम ज्वारीचें पीठ, ७५ ग्रॅम डाळ, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, अर्धा लिटर दूध आणि दोन केळीं यांत हा हिशेब जवळजवळ पुरा होतो. डब्यांतील भुकटी न आणतां. कळण्याची भाकरी तर या दृष्टीनें फार शहाणपणाची. ज्वारींत लायसिन नांवाचा प्रथिनघटक कमी असतो, उडदांत तो भरपूर. दोन्ही एकत्र दळल्यानें एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आणि रावेर-यावलच्या मळ्यांतलें केळें! जळगांवच्या केळ्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें ट्रक भरभरून परप्रांतीं जातें, आणि येथला धांवपटू मात्र उपाशी धांवतो, हें थोडें विचित्रच म्हणावयाचें.

वेळेचाही विचार हवा. अर्ध्या तासाच्या हलक्या धांवेला रिकाम्या पोटीं गेल्यास बिघडत नाहीं. पण तासाहून लांब किंवा जोराच्या सरावापूर्वीं एखादें केळें पोटांत असावें, आणि परतल्यावर तासाभरांत भाकरी-दूध किंवा डाळभात मिळावा. शेवभाजीची तर्री कितीही प्रिय असली तरी तेलकट अन्न पोटांत बराच वेळ रेंगाळतें. म्हणून ती चाचणीच्या सकाळीं नको, चाचणी संपल्यावर खुशाल खावी.

खानदेशचा उन्हाळा कडक. तेथें तासाभराच्या धांवेंत लिटरभर घाम सहज जातो, आणि त्याबरोबर मीठही. परंतु साधें पाणी घटाघट पीत राहणें हा त्यावर उपाय नव्हे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्यें तपासलेल्या ४८८ धांवपटूंपैकीं शेंकडा १३ जणांच्या रक्तांतील सोडियम प्रमाणापेक्षां उतरलेलें आढळलें, आणि त्याचा संबंध मुख्यतः अति पाणी पिण्याशीं होता. धांवण्यापूर्वीं व नंतर वजन करून पाहावें; वजन वाढलें असेल तर पाणी जास्त झालें. मीठ घातलेलें ताक येथें उत्तम.

सर्वांत जपावयास हवें तें मुलींना. मासिक धर्मामुळें त्यांच्या शरीरांतून लोह जातें, लांब धांवण्यानें त्यांत भर पडते, आणि धान्यांतलें लोह अंगीं लागण्यास कठीण. जेवणांत लिंबू पिळल्यास तें अधिक शोषलें जातें. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र त्याच्या आड येतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा सांठा रिता असूं शकतो, म्हणून दम लवकर लागूं लागल्यास फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. पुष्कळ घरांत मुलगी शेवटीं जेवते आणि उरेल तें खाते. त्यांत वजन कमी झाल्यास वेग वाढेल असा तिचा समज. मग पाळी थांबते, आणि तो कसून सराव केल्याचा पुरावा मानला जातो. वास्तविक अन्न अपुरें पडल्यामुळें शरीरानें केलेली ती काटकसर असते, आणि तिची किंमत हाडांना द्यावी लागते : पायाच्या हाडांना बारीक तडे जातात आणि भरतीच्या ऐन हंगामांत मुलगी अंथरुणाला खिळते. लागोपाठ तीन महिने पाळी न आल्यास तिच्या आईनें वाट पाहत बसूं नये. सराव कमी करून डॉक्टरांकडे न्यावें, आणि संध्याकाळच्या सरावाहून ती परत येतांच, घरांतल्या इतरांची वाट न पाहतां, तिचें पान आधीं वाढावें.