उन्हाळी, संसर्ग की रजोनिवृत्ती?

विचुंब्याहून पनवेल स्टेशन गाठायचे आणि सीएसएमटी लोकल पकडायची, म्हणजे सव्वा तासाहून अधिक वेळ स्वच्छतागृहाविना. म्हणून अनेक जणी पाणीच कमी पितात. पंचेचाळिशी-पन्नाशीत लघवीला जळजळ सुरू झाली, की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून दिले जाते, किंवा घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेतली जाते.

जंतुसंसर्ग बहुधा एक-दोन दिवसांत अचानक जाणवतो : लघवी करताना आग, सारखी घाई, ओटीपोटात दुखणे. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन घटून योनी व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. हा त्रास हळूहळू वाढतो. सोबत योनीत कोरडेपणा, शरीरसंबंधावेळी वेदना असतात. मात्र याच बदलामुळे संरक्षक जिवाणू कमी होऊन संसर्गही वारंवार होऊ शकतो.

नेमके कारण शोधायला लघवीची तपासणी व कल्चर करतात. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी द्यावा. जंतू नसतील तर गोळ्यांचा उपयोग नाही; योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. त्याने वारंवार होणारा संसर्गही कमी होतो.

थंडी-ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणे किंवा लघवीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.