घाट चढते, ती डाऊन!

आमच्या डोणगावात रेल्वे नाही. अख्ख्या मेहकर तालुक्यात रूळ नाहीत. मुंबई गाठायची तर आधी एसटीने शेगाव, मग विदर्भ एक्सप्रेस. मुंबईत लोकलसाठी उभं राहिलं की आपल्या माणसाला पहिलं कोडं पडतं: ही अप कुठली अन् डाऊन कुठली?

चढ-उतार बघून ठरवाल तर फसाल. मुंबईकडे येते ती अप, मुंबईपासून लांब जाते ती डाऊन, बस्स! आता गंमत पाहा. कसारा ते इगतपुरी घाटात ३७ फूट पुढे सरकलं की रूळ १ फूट चढतात. मागून जादा इंजिनं रेटा देतात, तेव्हा कुठे गाडी वर पोचते. आणि धापा टाकत चढणारी ही गाडी रेल्वेच्या लेखी 'डाऊन'!

आता घाटकोपरला ठाण्याकडे तोंड करून उभे राहा. आपल्याकडे रस्त्यासारखीच रेल्वेही डावीकडून धावते. म्हणजे रुळांच्या जोडीतला डावा रूळ ठाण्याकडे जाणार, उजवा मुंबईकडे. स्लोची जोडी पश्चिमेला, फास्टची पूर्वेला. फलाट पश्चिमेकडून मोजा: १ आणि ३ वर ठाण्याकडच्या गाड्या, २ आणि ४ वर मुंबईकडच्या. नुसत्या डाव्या हाताने केवढा हिशेब सोडवला!

दादरला मात्र हे गणित लावू नका. तिथे मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे शेजारी नांदतात, आणि दोघींचा आपापला १ नंबर होता. 'एक नंबरवर भेट' म्हटलं की दोघं दोन टोकांना! ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ ते १४ झाले.

इंडिकेटरवरची अक्षरंही अशीच चक्रावतात. कसाऱ्याला 'एन', कर्जतला 'एस'. नावात नसलेली अक्षरं आली कुठून? कल्याणला फाटा फुटतो: एक ईशान्येला, एक आग्नेयेला. इंग्रजीत त्या दिशांची सुरुवात उत्तर-दक्षिणेने होते, तीच ही अक्षरं.

आणि सीएसएमटीला रूळच संपतात. मग एवढी लांब लोकल वळते कुठे? वळतच नाही! दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन उतरतो, दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये मोटरमन बसतो. मघाशी शेपटीला लाल दिवा होता, तिथे पांढरा झोत पेटतो, आणि अप आलेली गाडी जागची न हलता डाऊन होते.