आंधया ते दिव्यांग

दारव्हा तालुक्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'ळ' टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, आंधळ्याचा आंधया. गंमत अशी, की हा शब्द अंध माणसापेक्षा डोळसालाच जास्त ऐकावा लागतो. ठेच लागली की "आंधया हायेस काय बे?" मोतीबिंदू झालेल्या आजीबद्दल मात्र "बुढीले दिसत नाई" एवढंच म्हणतात. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो जणांना विषबाधा झाली, अनेक दगावले, काहींना दिसेनासं झालं. तेव्हाही "आंधया" नव्हे, "डोयापुढं अंधारी आली" हे तिथले शब्द.

म्हणींनी या शब्दावर अन्यायच केला. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण गैरकारभारासाठी वापरतात आणि दोष दळणाऱ्याच्या डोळ्यांना देतात.

शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात याचं उत्तर होतं. 1881 मध्ये जन्मलेल्या माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. शास्त्रं त्यांनी इतरांकडून वाचून घेतली, शंभराहून अधिक ग्रंथ रचले आणि 1915 मध्ये, पस्तिशीही न गाठता, देह ठेवला. वऱ्हाड त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतं. हा मान कमावलेला आहे, म्हणून तो सरसकट कुणालाही चिकटवता येत नाही.

सरकारी कागदाने मात्र असंच सरसकट चिकटवलं. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला. अपंग हक्क संघटनांनी हरकत घेतली, तरी तो रुळला. महाराष्ट्रात 2022 मध्ये दिव्यांग कल्याण विभागही स्वतंत्र झाला.

याच काळात अंधत्वाची कायदेशीर व्याख्याही बदलली, तिची चर्चा मात्र फारच कमी झाली. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/60 किंवा त्याखाली असेल, तर माणूस अंध ठरे. म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसणारं अक्षर ओळखायला त्याला 6 मीटरपर्यंत जावं लागे. 2016 च्या कायद्याने ही रेषा 3/60 च्या खाली नेली. काल अंध ठरलेला 5/60 दृष्टीचा माणूस आज 'अल्पदृष्टी' झाला. त्याच्या डोळ्यांत काहीच फरक पडला नव्हता.

शब्द सौम्य झाला, हे चांगलंच. पण आरक्षणासारखे लाभ किमान 40 टक्के अपंगत्वाच्या अटीवर ठरतात. म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाती आलं, की शब्दाआधी दृष्टीचा आकडा आणि टक्केवारी कुणाकडून तरी नीट वाचून घ्या.